चिमटा पुढे पळालेली सायकल

नव्या सायकलचं हँडल बोळात अडकलं तेव्हा महेश फडोळ आतल्या बाजूला होता. बाहेरच्या बाजूला ओवाळायचं ताट घेतलेली त्याची आई कलाबाई, कपाळाला हात लावलेली बायको आणि दुकानातून सायकल आपल्या कांद्याच्या पिकअपमध्ये टाकून आणणारा मेहुणा दीपक असे तिघं उभे होते.

मखमलाबादच्या त्या घरात मागच्या भाजीच्या वावराकडे जायला वाट एकच. एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला कलाबाईचा कट्टा. कट्ट्याला पाठ टेकायला छातीएवढी भिंत होती आणि ती महेशच्या वडिलांनी खास बायकोसाठी बांधली होती. तिथं बसून कलाबाई मेथीच्या जुड्या बांधायची आणि अख्ख्या गल्लीचा बंदोबस्त पाहायची. जुनी सायकल वीस वर्षं त्या फटीतून सरळ जायची. नवी शिरेचना.

"हँडल हाय का शिंगं?" कलाबाई म्हणाली. "आपली चांदी म्हैस अशीच अडकायची."

"आई, हल्ली रुंदच असतात हँडलं."

"मग चांदीला कसं काढायचो? मान तिरपी करून. तशी काढ."

महेशनं सायकलची मान तिरपी केली. ब्रेकच्या दांडीनं भिंतीचा पोपडा काढला आणि सायकल आणखी घट्ट बसली.

"दाजी, मी मागून ओढू का?" दीपक पुढं झाला.

"तू हात लावू नकोस!"

मेहुण्यावर एवढं खेकसायला कारण होतं. महेशची बायको मंजुषा एका हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत काम करायची. महेश दर रविवारी टोळीबरोबर टेकडीवरून सायकल उतरवायचा आणि पडून मोडलेल्या त्याच्या खांद्याच्या हाडाला दोनदा तिनंच पट्टा बांधला होता. रामशेजच्या अलीकडच्या टेकडीवर जुन्या सायकलचा सांगाडा तडकला तेव्हा तिला वाटलं, सुटले. पण महेशनं नवीचा विषय काढला, जेवण सोडलं आणि गच्चीत जाऊन बसला. शेवटी तिनं अट घातली होती. "घ्या. पण आणखी एकदा पडलात की सायकल दीपकची. आणि तुम्ही रविवारी माझ्याबरोबर भाजी निवडायला."

दीपक चांदवडला कांद्याचा व्यापार करायचा. अट ऐकल्याबरोबर त्यानं घरच्या भिंतीला सायकल टांगायचा हुक ठोकून घेतला आणि त्याचा फोटो दाजींना पाठवला. खाली लिहिलं, 'सावकाश चालवा.' असली माणसं प्रत्येक घराण्यात असतात. ती वाईट नसतात, नुसती तयारीत असतात.

सायकल अखेर आडवी करून, डोक्यावरून आत नेली. कलाबाईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, हँडलला गुलाबाचा हार घातला. तेवढ्यात दीपक 'बघू तरी' म्हणत सीटवर बसला. हँडलखाली एक चाप होता, तो त्यानं दाबला. सीट त्याच्यासकट सुस्कारा टाकत खाली बसली.

"मोडली!" दीपक ओरडला. "दाजी, माझं वजन नाय हो एवढं!"

घाबरून तो अर्धवट उठला आणि चाप पुन्हा दाबला. सीट उसळून वर आली. ती जिथं लागली तिथं हात लावणं चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणून दीपक बराच वेळ कट्ट्याला धरून नुसता उभा राहिला.

"बरं झालं," कलाबाई म्हणाली. "तिला मालक कळतो."

सीट खालीवर करायचाच चाप तो, हे महेशला ठाऊक होतं. तो हसला, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तो सातपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा. पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चुका शोधणं हा त्याचा धंदा. धंदा अंगात इतका मुरला होता की तो भाकरीचीही जाडी कडेनं बघायचा. त्यानं कोन मोजायचं हत्यार आणलं, नवी सायकल जुन्या सांगाड्याशेजारी उभी केली आणि ते पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला लावलं. मग पुन्हा लावलं. मग खाली बसला.

"मंजू, फसवलं आपल्याला. ही अपघातातली गाडी आहे."

"काय?"

"हा चिमटा बघ. जुन्या सायकलचा कसा उभा आहे. हा बघ, पुढे लोळलाय. चाक केवढं पुढे पळालंय! कुणीतरी ठोकलीय, ठोकून सरळ केलीय, आणि रंग मारून आपल्या गळ्यात मारलीय."

गल्लीतले चार जण जमले. आयुष्यात सायकलच्या चेनला बोट न लावलेल्यांनीही मान डोलावली. दुसऱ्याच्या नव्या गाडीत खोट काढायला माणसाला शिक्षण लागत नाही, चहा लागतो. तो मंजुषानं नाइलाजानं केला.

दुसऱ्या दिवशी महेश दोन्ही सायकली आणि कोन मोजायचं हत्यार घेऊन दुकानात. दुकान मयूरचं. पोरगा तिशीचा, शांत. डोंगरी सायकलींवरून पडून पडून त्याचे गुडघे रस्त्यासारखे झाले होते.

"काका, परवा सांगितलं होतं तुम्हाला हे सगळं."

सांगितलं होतं खरं. महेशनं ते विमा एजंटाचं ऐकावं तसं ऐकलं होतं. माझ्या जुन्या मापाची दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"जुन्या सायकलला पुढचं चाक तुमच्या नाकाखाली यायचं," मयूर सांगू लागला. "उतारावर दगड लागला की माणूस हँडलवरून उडायचा. म्हणून तुम्ही लोक मागे लटकायचात. आता कंपन्यांनी पुढचं चाकच पुढे नेऊन ठेवलंय. सांगाडा लांब केला, हँडल आणि सांगाड्यामधली मान तोकडी केली, सीट पुढे घेतली. तुम्ही दोन चाकांच्या मधोमध उभं राहायचं आणि छाती हँडलवर आणायची. मागे गेलात ना, तर पुढचं चाक हलकं होतं. मग ते वळत नाही, घसरतं."

"म्हणजे उतारावर पुढे वाकायचं?"

"हो."

"तू मला मारायला निघालायस."

मयूरनं दुकानातल्या सगळ्या डोंगरी सायकली ओळीनं उभ्या केल्या आणि हत्यार महेशच्या हातात दिलं. महेश एकेका चिमट्याला ते लावत गेला. सगळे लोळलेले. शेवटच्या सायकलपाशी त्यानं घाम पुसला.

"म्हणजे अख्खा लॉटच रिजेक्ट!"

मयूरनं त्याला पाणी दिलं.

मागे लटकणं ही महेशची आयुष्यभराची कमाई होती, हे त्या पोराला काय माहीत. उतार आला की ढुंगण सीटच्या मागे, पोट सीटवर, हात ताणलेले. ही विद्या त्यानं दोन मोडक्या हाडांच्या बदल्यात मिळवली होती. रविवारच्या टोळीतल्या प्रत्येक नवख्याला तो टेकडीच्या माथ्यावर उभं करून शिकवायचा. टोळीत त्याला मान होता तो त्यावरच. आणि आता एक पोरगं सांगतं, ते सगळं विसरा. माणूस बायको समजून घेईल, सरकार समजून घेईल. पण आपण हाडं मोडून शिकलेली गोष्ट फुकट गेली, हे समजून घेणार नाही.

घरी येऊन त्यानं तपासणीवाल्यानं करू नये ते केलं. चुकीचा वाटणारा माल स्वतःच दुरुस्त करायला घेतला. नवीचं रुंद हँडल आणि त्याची तोकडी मान काढली. जुन्या सायकलची लांब मान आणि अरुंद हँडल तिथं बसवलं. सीट जाईल तेवढी मागे सरकवली. सायकल बोळातून फटकन गेली.

"बघ," तो कलाबाईला म्हणाला. "आता बसली मापात."

"चांदीची शिंगं कापल्यासारखी दिसती," कलाबाई म्हणाली.

बसल्यावर मात्र तो सायकलवर नव्हता, बाजेवर होता. लांब सांगाडा, त्यावर लांब मान, वर सीट मागे. हँडल इतकं लांब गेलं की धरायला पुढे पसरावं लागे, आणि पसरला की मागे लटकता येईना. वावराच्या कडेनं चाकोरी उतरत जाते तिथं त्यानं जिद्दीनं ढुंगण मागे नेलं. पुढचं चाक हलकं झालं, दारुड्यासारखं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि वळणावर सरळ मेथीत शिरलं. महेश त्याच्या मागोमाग.

कलाबाई कट्ट्यावरून बघत होती. तो उठला, माती झटकली आणि आईकडे बघून हात जोडले.

"म्या काय पाहिलं नाय," ती म्हणाली. "पण मेथीनं पाहिलं."

संध्याकाळी मंजुषा कामावरून आली आणि भाजी काढायला वाफ्याकडे गेली. ती बराच वेळ आलीच नाही. महेश दारातून डोकावू लागला.

"अहो," तिची हाक आली, "इकडे या जरा."

मेथीच्या वाफ्यात एक माणूस उमटला होता. हात पसरलेला, एक पाय दुमडलेला, शेजारी चाकाचा चर. दवाखान्यात रोज एक्स-रे बघणाऱ्या बाईला आणखी पुरावा कशाला हवा?

"हे कोण?"

"कुत्रं लोळलं असेल."

"कुत्र्यानं हेल्मेट घातलं होतं का? डोक्याचा छाप बघा."

मंजुषानं फोन काढला. दीपकचा नंबर तिनं लावलाही. तेवढ्यात कलाबाई काठी टेकत आली.

"हे पडणं धरायचं नाय. आपल्या वावरात पडलं तर त्याला पडणं म्हणत नाय. लोळणं म्हणतात."

"आई, तुम्ही बाजू घेऊ नका."

"बाजू नाय घेत. मेथी माझी गेली. पण न्याव म्हणजे न्याव. टेकडीवरनं पडला तर दे त्या दीपक्याला."

फोनवर दीपकचा आवाज येत होता. "ताई? पडले का दाजी? निघू का मी?"

"रविवारी ये," मंजुषा म्हणाली. "टेकडीवर. मी स्वतः येणार आहे बघायला."

रविवारपर्यंत महेशचा डोळा लागला नाही. सायकल जाईल, हे तर होतंच. पण रविवार सकाळची ती टेकडी, भिजलेला बनियन, खाली उतरल्यावर टपरीवरचा चहा आणि आठवडाभर ज्याला साहेब 'फडोळ, ही रिजेक्शन वाढलीय' म्हणून झापतो त्या माणसाला चार लोक गुरू मानतात, ती घटका. ती गेली तर त्याच्याकडे कोन मोजायच्या हत्याराखेरीज काही उरत नव्हतं.

शनिवारी तो दुपारपाळीला गेला, तेव्हा दीपक मखमलाबादला येऊन थडकला. रविवारी सकाळी महेश अंगणात आला आणि जागच्या जागी थिजला. सायकलवर रुंद हँडल होतं, तोकडी मान होती. सीट पुन्हा पुढे. अगदी दुकानातून आली तशी.

"कोणी केलं हे?"

"म्या," दीपक ब्रश करत म्हणाला. "त्या मयूरला फोन लावून एकेक स्क्रू विचारला. आज मला न्यायचीच हाय, तर तुमचं जुनं भंगार तुमच्याकडंच राहू द्या. मला वरिजनल पाहिजे."

"हलकटा, माझं हँडल कुठंय?"

"आईंनी नेलं."

महेश वावरात धावला. त्याचं वीस वर्षांचं हँडल कारल्याच्या मांडवाला आडवं बांधलेलं होतं आणि वेलाचा एक तंतू त्यावर बोट गुंडाळून बसलाही होता.

"चांगली नळी वाया कशाला घालायची," कलाबाई म्हणाली. "चल, उशीर व्हतो. भाकऱ्या बांधल्यात."

टेकडीवर टोळी जमली होती. गुरूची नवी सायकल बघायला सगळे आले होते. कलाबाई पायथ्याला दगडावर बसली. मंजुषा दवाखान्यातली पट्ट्यांची पिशवी घेऊनच आली होती. दीपक मात्र उताराच्या मधोमध, करवंदीच्या जाळीपाशी पहिल्या वळणावर फोन सरसावून उभा राहिला. पिकअप खाली वळवून ठेवली होती, सायकल टाकायला मागचा फाळका उघडा.

माथ्यावर महेशनं चाप दाबून सीट खाली घेतली आणि सुटला.

सुटल्याबरोबर वीस वर्षांची सवय जागी झाली. ढुंगण आपोआप मागे गेलं, हात ताणले. पुढचं चाक तसंच हलकं झालं, मेथीच्या आठवणीनं वळवळलं. खडी सरकली. वळण समोर आलं आणि सायकल वळेना. करवंदीची जाळी मोठी होत होती. जाळीच्या अलीकडे दीपक फोन आडवा धरून ओरडत होता.

"दाजी, पडताना इकडं बघा! तोंड येत नाय व्हिडिओत!"

महेशच्या डोक्यात जाळ झाला. हुकाचा फोटो, उघडा फाळका, कारल्याला बांधलेलं हँडल, सगळं एकदम वर आलं. त्यानं मान पुढे काढली, छाती हँडलवर आणली, कोपर बाहेर टाकले आणि घशाच्या देठापासून ओरडला.

"दीपक्या, गोल्टी कांद्या!"

पुढचं चाक जमिनीत रुतल्यासारखं घट्ट झालं. सायकल दीपकच्या चपलेला चाटून वळणातून निघाली.

महेशला कळेना काय झालं. पुढचा उतार जास्त खडा. भीतीनं तो पुन्हा मागे सरकला आणि चाक पुन्हा पिसाटलं. दुसरं वळण आलं. आता मागे वळून बघायला वेळ नव्हता, पण शिवी द्यायला होता. शिवी देणारा माणूस कधी मागे सरकत नाही. जगातला कुठलाही माणूस शिवी हासडताना पुढेच वाकतो.

"कोंब आलेल्या कांद्या!" महेश पुढे वाकला. सायकल वळली.

"चाळीत सडलेल्या गोणी!" नाल्याचे दगड चाकाखालून ताडताड निघून गेले. हँडल हातात गाईसारखं गरीब.

"हुक ठोकतो काय रे! तुझ्या हुकाला तुझीच विजार टांगीन!" शेवटचं वळण असं निघालं की वर माथ्यावर उभ्या टोळीनं टाळ्या वाजवल्या. वरून बघणाऱ्यांना वाटलं, गुरूनं काहीतरी नवीन मंत्र काढलाय. पुढं महिनाभर टोळीतले नवखे त्या टेकडीवरून कांद्याला शिव्या देतच उतरत होते.

महेश पायथ्याला थांबला. दोन्ही पाय जमिनीवर, अंगावर एक ओरखडा नाही. घसा तेवढा बसला होता. मंजुषानं त्याला वरून खाली, मग खालून वर तपासलं. खांदा दाबून पाहिला.

"पडला नाहीत," ती म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि तिलाही नको असलेला आनंद.

"नाही पडलो."

"मग सायकल तुमची."

दीपक धापा टाकत खाली आला. "दाजी, तुम्ही मला गोल्टी म्हणाले."

"म्हणालो."

"सगळ्यांसमोर. व्यापाऱ्याला गोल्टी म्हणतात का? मार्केटात सगळ्यात बारका कांदा असतो तो."

"उतार होता," महेश घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग त्यानं दीपकला मिठी मारली. "पुढच्या रविवारी येशील ना? तिथंच उभा राहशील ना, जाळीपाशी?"

दीपकला काही समजेना. पण भाकरी-ठेचा समोर आला होता, म्हणून तो हो म्हणाला.

तेवढ्यात सायकल हलली. मंजुषानं हँडल धरलं होतं. "बघू तरी, एवढं काय आहे हिच्यात." चांदवडला शाळेत जाताना ती सायकल चालवायची, त्यानंतर कधी बसली नव्हती. ओढणी तिनं कमरेला बांधली आणि पायथ्याच्या छोट्या उताराकडे निघाली. समोर बाभळीचं झाड होतं.

महेशच्या तोंडातून वीस वर्षांचं ज्ञान बाहेर पडलं.

"मंजू, मागे! ढुंगण मागे!"

मंजुषा तशीच हँडलवर वाकली आणि ओरडली, "अहो, गप बसा ना! मागे मागे करून दोनदा खांदा मोडलाय तुमचा, आणि मला शिकवताय!"

सायकल बाभळीला दोऱ्यासारखी वळसा घालून गेली. मग तिनं दुसरा वळसा घेतला. मग तिसरा. मंजुषा हसत होती. मोडलेली हाडं बघून बघून तिचा चेहरा कायमचा गंभीर झालाय असं महेशला गेली कित्येक वर्षं वाटत होतं, तो चेहरा कुठल्या कुठे गेला होता.

"हिला तू काय शिकवू नको," कलाबाई घास मोडत म्हणाली. "हिला इसरायला काय नाय."

"आई, ही आता सायकल देते का परत?"

"नाय देत. दुसरी घे. आणि घरी गेल्यावर आधी माझ्या कट्ट्याची पाठभिंत फोड. शिंगांच्या दोन म्हशी जायच्यात तिथनं."

"आणि तू बसणार कुठं?" महेशनं विचारलं.

"हितं बसंन रविवारचं. गल्लीत काय दिसतं? हितं लय दिसतं." तिनं भाकरी दीपकपुढं सरकवली. "आणि तू रं, तो हुक उपटून आण चांदवडहून. हिची सायकल टांगायला लागंल."